पुरावस्तूवर लिहिण्याआधी या चुका टाळा

अभ्यासकाला एखाद्या संग्राहकाचा ई-मेल येतो: ‘एक कोरीव पाटी आहे, जरा वाचून द्याल का?’ सोबत झकास फोटो. बहुतेक जण लगेच वाचायला बसतात. वस्तू आली कुठून, हे नंतर बघू म्हणतात. पहिली चूक हीच. तुमचा दोन ओळींचा अभिप्राय उद्या लिलावाच्या सूचीत छापला जातो आणि किंमत चढते. वस्तू चोरीची निघाली, तर मानधन घेतलं नाही म्हणून तुम्ही यातून सुटत नाही.

कागद आहेत म्हणून निर्धास्त राहणं ही दुसरी, जास्त महागात पडणारी चूक. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ मध्ये नेद्जेमआंख या पुजाऱ्याची सोनेरी शवपेटी सुमारे ४० लाख डॉलरला घेतली. सोबत इजिप्तचा निर्यात परवाना होता, तारीख मे १९७१. शिक्का मात्र ‘इजिप्त अरब प्रजासत्ताक’चा, आणि देशाला हे नाव मिळालं त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये! परवाना बनावट होता. पेटी इजिप्तमधल्या २०११ च्या उठावाच्या गोंधळात चोरीला गेली होती. २०१९ मध्ये ती इजिप्तला परत गेली. तेव्हा झेरॉक्सवर भागवू नका. मूळ प्रत मागा, शिक्का आणि तारीख एकमेकांशी जुळवून बघा, आणि ज्या देशाचा परवाना आहे तिथल्या पुरातत्त्व खात्याला थेट विचारा. विक्रेत्याने चालढकल केली तर काय समजायचं ते समजा.

‘इंटरपोलच्या (आंतरराष्ट्रीय पोलीस संघटनेच्या) चोरीच्या कलावस्तूंच्या यादीत नाही, म्हणजे चोरीची नाही’ हेही खूप ऐकू येतं. अहो, जी वस्तू रात्री जमिनीतून उकरून काढली, तिची नोंद आधी करणार कोण? यादीत सापडतो तो संग्रहालयातून किंवा देवळातून गेलेला, नोंद असलेला माल.

सांस्कृतिक वस्तूंचा बेकायदा व्यापार रोखणारा युनेस्कोचा करार १९७० चा, म्हणून त्याआधी बाहेर पडलेलं सगळं चालतं, असंही नाही. ऑटोमन (तुर्की) साम्राज्यात १८८४ पासून आणि इटलीत १९०९ पासून पुरावस्तूंवर कडक कायदे होते.

आणि लेख छापून झाल्यावर शंका आली तर? गप्प बसू नका, ई-मेलही पुसू नका. तोच पुढे पुरावा ठरतो. संपादकाला लेखी कळवा, लेखाला मालकीच्या इतिहासाबद्दल टीप जोडायला सांगा आणि संग्राहकाला पुढचा कोणताही अभिप्राय देणं थांबवा. मूळ देशाच्या पुरातत्त्व खात्याला कळवण्याआधी विद्यापीठाच्या नीती समितीशी आणि वकिलाशी बोलून घ्या.