जुन्या गाडीची ‘चेक इंजिन’ लाइट लागली, तर सेन्सर बदलण्याआधी काय तपासावं

आधी लाइट कशी लागली आहे ते बघा. पिवळी लाइट सलग लागलेली असेल आणि गाडी नेहमीसारखी ओढत असेल, तर गगनबावड्याहून सावकाश कोल्हापूर गाठायला हरकत नाही. लाइट लुकलुकत असेल आणि गाडी झटके देत असेल, तर मात्र पुढं दामटू नका. एखाद्या सिलिंडरमध्ये न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो महागडा भाग वितळू शकतो. आंबा घाटाच्या चढावर असं झालं, तर अ‍ॅक्सिलरेटर सोडा आणि सुरक्षित जागा बघून थांबा. लाल ऑइलचा दिवा किंवा चढलेलं तापमान ही वेगळीच गोष्ट. तिथं इंजिन लगेच बंद करायचं.

चावी ऑन केल्यावर ही लाइट लागायला हवी आणि इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवी. जुनी गाडी विकत घेताना हे नक्की बघा. चावी ऑन करूनही लाइट लागतच नसेल, तर ती मुद्दाम बंद केलेली असण्याची शक्यता आहे.

आता गाडीच्या कॉम्प्युटरनं, म्हणजे ईसीयूनं, नोंदवलेला बिघाडाचा कोड वाचायचा. स्टिअरिंगखाली डॅशबोर्डच्या आत १६ पिनांचं सॉकेट असतं. भारतात एप्रिल २०१३ पासून बीएस ४ (प्रदूषणाच्या नियमांचा टप्पा) गाड्यांना ओबीडी २, म्हणजे बिघाड नोंदवण्याची ठरावीक पद्धत, बंधनकारक झाली, त्यामुळं त्यानंतरच्या अशा गाडीत साधा ब्लूटूथ अ‍ॅडॅप्टर आणि मोबाइलवरचं अ‍ॅप पुरतं. त्याआधीच्या गाडीत सॉकेट असलं तरी साधा अ‍ॅडॅप्टर जोडला जाईलच असं नाही. तेव्हा कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात किंवा ओळखीच्या गॅरेजमध्ये, त्या कंपनीची गाडी वाचणारा स्कॅनर लावून घ्या. कोड आणि त्यासोबतचा फ्रीझ फ्रेम, म्हणजे बिघाड झाला त्या क्षणाचे आरपीएम, वेग, तापमान, यांचा फोटो काढून ठेवा. हे होईपर्यंत बॅटरीचं टर्मिनल काढू नका. लाइट विझते खरी, पण पुरावाही पुसला जातो.

कोडमध्ये ज्या सेन्सरचं नाव येतं, तो खराब आहेच असं समजू नका. तो सेन्सर फक्त तक्रार नोंदवतो. सर्वात जास्त पैसे इथंच वाया जातात, म्हणून दोन नेहमीचे कोड नीट समजून घेऊ.

पी०३०१ म्हणजे पहिल्या नंबरचा सिलिंडर मिसिंग मारतोय, त्यात पेट्रोल नीट जळत नाही. प्रत्येक प्लगवर ठिणगीसाठी वीज देणारी स्वतंत्र कॉइल असेल, तर इंजिन थंड असताना पहिली कॉइल दुसऱ्या सिलिंडरवर आणि दुसरी पहिल्यावर लावा. कोड पुसून गाडी थोडी फिरवा. आता पी०३०२ आला, तर दोष कॉइलबरोबर हलला, म्हणजे कॉइलच गेलेली. पी०३०१ च राहिला, तर हीच अदलाबदल प्लगची करा. प्लग काढलाच आहे तर त्याचं टोकही बघा: कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, तेलकट म्हणजे सिलिंडरमध्ये ऑइल येतंय. प्लगही ठीक निघाला, तर इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन तपासायची वेळ आली. ते मेस्त्रीचं काम. एकही पार्ट विकत न घेता एवढं कळतं!

पी०१७१ म्हणजे मिश्रणात हवा जास्त किंवा पेट्रोल कमी. हा कोड आला की अनेकदा थेट ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो. आधी बॉनेट उघडून आयडलवर कान द्या. फुसफुस आवाज येत असेल, तर तडकलेला व्हॅक्यूम पाइप किंवा इनटेकचं सैल क्लॅम्प शोधा. जुन्या गाडीचं रबर कडक होऊन चिरतंच. मग एअर फिल्टरचा डबा नीट बसलाय का, पेट्रोल फिल्टर आणि पंपाचा दाब ठीक आहे का, हे बघा. पेट्रोलमध्ये मिसळलेलं, आपल्या उसापासून होणारं इथेनॉलही इथं हिशोबात धरा. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनानं सुमारे १४.७ भाग हवा लागते, तर २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला साधारण १३.५. म्हणून ईसीयूला जास्त इंधन सोडावं लागतं. त्यात छोटी हवागळती असली, तर जुन्या गाडीत ईसीयूची इंधन वाढवण्याची मर्यादा लवकर संपू शकते.

पावसाळ्यात आणि शेताजवळ लावलेल्या गाडीत वायरिंग आवर्जून बघा. पाणी शिरलेलं कनेक्टर आणि उंदरांनी कुरतडलेली तार यांमुळं एकदम चार-पाच असंबद्ध कोड येतात. तसंच बॅटरीचंही: इंजिन चालू असताना व्होल्टेज साधारण १३.५ ते १४.५ हवं.

पी०४२० म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नाही असा कोड. तो आला, तर कन्व्हर्टर सर्वात शेवटी बदला. मिसिंग आधी बंद केलं नाही, तर नवा कन्व्हर्टरही फार टिकणार नाही, आणि सायलेन्सरची गळती राहिली, तर हाच कोड परत येऊ शकतो.

दुरुस्तीनंतर कोड पुसा आणि काही दिवस गाडी थंड स्टार्टपासून, शहरात आणि हायवेवर अशी दोन्हीकडं चालवा. तोच कोड परत आला, तर मेस्त्रीकडं जाताना पहिल्या कोडचा फोटो न्या आणि कुठली कॉइल कुठं लावली, काय तपासलं, ते सांगा. म्हणजे त्याच तपासणीचे पैसे पुन्हा मोजावे लागणार नाहीत.