कुंडीतली तुती: फळं हवी असतील तर कात्री उचला

कुंडीत तुती वाढवणं अवघड नाही, ती कुठेही तग धरते. अडतं ते फळांपाशी. झाड हिरवंगार, पण फळाचा पत्ता नाही, अशी तक्रार केली की ‘खत वाढवा’ असा सल्ला हमखास मिळतो. तो अजिबात ऐकू नका. खतातलं नत्र जास्त झालं की पानांचंच रान माजतं.

बियांपासूनचं रोप घेऊ नका. तुतीत नर आणि मादी झाडं बऱ्याचदा वेगळी असतात. रोप नर निघालं तर कितीही सेवा केली तरी फळ धरणार नाही. फळं देणाऱ्या ठेंगण्या झाडाची पेन्सिलीएवढी जाड, वीतभर काडी आणा आणि दोन डोळे (जिथून कोंब फुटतो ते उंचवटे) मातीखाली जातील अशी खोचा. रेशीमकिड्यांसाठी लावतात ती तुती बहुधा पानांसाठी निवडलेली असते. तिची काडी आयती मिळाली तरी नको.

कुंडी १८ इंची, निचरा उत्तम, ऊन निदान ६ तास.

आता छाटणी. मला सगळ्यात उशिरा जमली ती हीच, आणि लोक कचरतात तेही इथेच. तुतीला फळ येतं ते नव्या फुटव्यावर. जुनी फांदी नुसती लांबत गेली तर फळं शेंड्याकडे चार-दोन लागतात आणि खालचा भाग रिकामा राहतो. म्हणून झाडाने जोर धरला की गेल्या हंगामात वाढलेली प्रत्येक फांदी निम्म्यावर आणा. डोळ्याच्या जरा वर, तिरका काप. खोडापर्यंत सगळं साफ करू नका. त्यातून लांबच लांब, पानाळ काठ्या उठतात.

उष्ण हवेत छाटणीसोबत उरलेली सगळी पानंही काढायची. पान खाली ओढून तोडलं तर सालीची पट्टी निघते आणि बगलेतला डोळाही जातो, ज्यातून फळ येणार तोच! कात्रीने देठ मध्ये कापा. उरलेला तुकडा सुकून आपोआप गळतो. थंड प्रदेशात हिवाळ्यात पानं स्वतःहून झडतात, तिथे नवे डोळे फुगण्याआधी छाटा.

पानं नसलेलं झाड पाणी फार कमी पितं. या दिवसांत रोजच्या सवयीने पाणी ओतत राहिलात तर मुळं कुजतील. माती वरून बोटभर सुकली की मगच घाला. फुटवे निघाले की पानाच्या बगलेत नखाएवढी हिरवी फळं दिसतील, पांढरी लव असलेली. तिथून मात्र माती कोरडी पडू देऊ नका, फळं गळतात.

पक्ष्यांसाठी जाळी लावा.

काळ्या फळाच्या जातीत लाल फळाला हात लावू नका, ते अजून आंबट असतं. पूर्ण काळं झालेलं फळ नुसत्या स्पर्शाने हातात येतं. कच्च्या फळात चीक असतो, पोट बिघडतं. तोडलेली फळं फ्रिजमध्येही दोन-तीन दिवसच टिकतात.

दर दोन-तीन वर्षांनी झाड कुंडीतून काढून कडेची मुळं छाटा आणि नव्या मातीत परत बसवा. कुंडी थेट जमिनीवर ठेवू नका. खालच्या भोकातून मुळं बाहेर पडून जमीन धरतात आणि मग ठेंगणं झाड ठेंगणं राहत नाही.