स्क्रीन बिघडली? आधी दोन फोटो काढा

साताऱ्यात माझं डीटीपीचं दुकान आहे. तीन कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर आणि लग्नसराईत पत्रिकांचा ढीग. कॉम्प्युटर दुरुस्ती हा काही माझा धंदा नाही, पण गल्लीत कुणाचीही स्क्रीन बिघडली की फोन मलाच येतो. "ताई, रेघा येतायत." "ताई, सगळं धूसर दिसतंय." "ताई, अर्धी अक्षरं गायब." माझं पहिलं उत्तर ठरलेलं असतं: कशालाही हात लावू नका, आधी दोन फोटो पाठवा. एक स्क्रीनशॉट आणि दुसरा त्याच स्क्रीनचा मोबाइलच्या कॅमेऱ्यानं काढलेला.

हे शहाणपण मला एका दिवाळी अंकाच्या घाईत आलं. ऑक्टोबरची अखेर, एकशेचाळीस पानं लावायची, आणि स्क्रीनवर आडव्या हिरव्या रेघा. मी ड्रायव्हर, म्हणजे ग्राफिक्स चिप चालवणारा छोटा प्रोग्रॅम, तीनदा काढून टाकला, तीनदा घातला. मग रात्रभर बसून विंडोज नव्यानं टाकलं, आणि दुसरा दिवस फॉन्ट परत भरण्यात गेला. रेघा तशाच. तिसऱ्या दिवशी सकाळी केर काढायला येणाऱ्या मावशींचा झाडू टेबलाच्या पायाला लागला आणि रेघा गेल्या! मॉनिटरची केबल मागून सैल झाली होती. एक स्क्रीनशॉट काढला असता तर दोन दिवस वाचले असते.

त्याचं कारण असं. प्रोग्रॅम सांगतो काय दाखवायचं, ड्रायव्हर ते ग्राफिक्स चिपला समजावतो, चिप मेमरीत चित्र तयार करते, आणि मग ते केबलमधून मॉनिटरवर जातं. स्क्रीनशॉट मेमरीतून उचलला जातो, म्हणजे केबलच्या अलीकडून. रेघा स्क्रीनशॉटमध्येही दिसल्या तर दोष प्रोग्रॅम, ड्रायव्हर किंवा चिपचा. कॅमेऱ्याच्या फोटोत दिसतात पण स्क्रीनशॉट स्वच्छ आहे, तर केबल किंवा मॉनिटरच तपासा. सेटिंगमध्ये शिरूच नका.

याला थोडे अपवाद आहेत. नाइट लाइट या रात्रीच्या सेटिंगमुळे आलेला पिवळटपणा, चुकीच्या कलर प्रोफाइलनं बिघडलेले रंग, आणि व्हिडिओ पळताना चित्र मधोमध चिरल्यासारखं दिसणं, हे सगळं सॉफ्टवेअरचं असूनही बहुतेक वेळा स्क्रीनशॉटमध्ये येत नाही. उलट बँकेच्या अ‍ॅपचा किंवा सिनेमाच्या अ‍ॅपचा स्क्रीनशॉट काळा आला तर तो बिघाड नव्हे. सुरक्षेसाठी तो मुद्दाम काळा ठेवलेला असतो.

दुसरा प्रश्न: एकाच प्रोग्रॅममध्ये होतंय की सगळीकडे? तिसरा: मशीन सुरू होताना कंपनीचा लोगो येतो तेव्हाही रेघा असतात का? लोगोवरच रंगीत ठिपके दिसत असतील तर विंडोज अजून जागंच झालेलं नाही, त्याला दोष देऊन उपयोग नाही. डेस्कटॉप असेल तर बंद करून, वायर काढून, रॅम आणि ग्राफिक्स कार्ड उपसून पुन्हा नीट बसवा. रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरानं हलक्या पुसायच्या, हा आपल्याकडचा जुना उपाय आहे आणि दमट हवेत तो पुष्कळदा चालतो. त्यानंतरही ठिपके राहिले तर दुरुस्तीवाल्याकडे.

विंडोजवर

स्क्रीन अचानक काळी झाली किंवा गोठली तर रीस्टार्टचं बटण दाबायच्या आधी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी या चार कळा एकदम दाबा. स्क्रीन क्षणभर लुकलुकते, बारीक 'टुक' आवाज येतो आणि ग्राफिक्स ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो. उघडी फाइल जागेवर राहते. ही युक्ती मी जितक्या जणांना सांगितली, तितके चहा माझ्या नावावर जमा आहेत.

मग डिव्हाइस मॅनेजर उघडून डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर्सखाली काय लिहिलंय ते वाचा. तिथे तुमच्या चिपचं नाव नसून 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर' असेल तर खरा ड्रायव्हर बसलेलाच नाही. विंडोज कामचलाऊ ड्रायव्हरवर दिवस ढकलतंय. अशा वेळी सगळं मोठंमोठं दिसतं, रिझोल्यूशन बदलता येत नाही, थ्रीडी प्रोग्रॅम उघडतच नाहीत. लॅपटॉप असेल तर ड्रायव्हर त्याच्या कंपनीच्या साइटवरून मॉडेल नंबर टाकून घ्या. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' अशी जाहिरात करणाऱ्या फुकट प्रोग्रॅमांना घरात घेऊ नका.

कालपर्यंत नीट होतं आणि अपडेटनंतर बिघडलं, असं असेल तर त्याच अ‍ॅडॅप्टरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर, आणि 'रोल बॅक ड्रायव्हर'. ते बटण फिकट असेल तर जुना ड्रायव्हर शिल्लक नाही. मग तो पूर्ण पुसून नवा घालावा लागतो. त्यासाठी डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर नावाचा प्रोग्रॅम आहे, तो सेफ मोडमध्ये, म्हणजे विंडोज फक्त गरजेपुरतं चालू असताना, चालवायचा. इंटरनेट आधी बंद करा, नाहीतर तुम्ही पुसताय तोवर विंडोज स्वतःच्या मनानं दुसरा ड्रायव्हर आणून बसवतं.

'डिस्प्ले ड्रायव्हरनं प्रतिसाद देणं थांबवलं आणि तो पूर्ववत झाला' अशा अर्थाची इंग्रजी सूचना पुन्हा पुन्हा येते का? चिपनं साधारण 2 सेकंदांत उत्तर दिलं नाही की विंडोज तिला मेलेली समजून परत उठवतं. एखाद्या वेळी आली तर सोडून द्या. रोज येत असेल तर ड्रायव्हर, तापलेली चिप किंवा दमलेला पॉवर सप्लाय, याच क्रमानं बघा. पंख्यात साठलेली धूळ काढल्यावर ही तक्रार गेलेली मी दोनदा पाहिली आहे.

माझे धाकटे दीर घरांचे नकाशे काढतात. "वहिनी, ऑटोकॅडमध्ये माझी वर्तुळं अष्टकोनी झाली," म्हणत ते घाबरून आले होते. हा बिघाड नव्हे. काम वेगानं व्हावं म्हणून प्रोग्रॅम वर्तुळ सरळ तुकड्यांनी दाखवतो आणि झूम केल्यावर ते तुकडे उघडे पडतात. प्रिंट गोलच येते. आर-ई टाइप करून एंटर दाबलं की वर्तुळ पुन्हा गोल होतं. पण कर्सरमागे रेषांचा कचरा राहत असेल, हॅच, म्हणजे आकारात भरलेल्या बारीक रेघा, गायब होत असेल, तर ग्राफिक्सकॉन्फिग ही कमांड देऊन, चित्रकाम ग्राफिक्स चिपकडून करवून घेणारं हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद करून पाहा.

हे 'हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद करा' तुम्हाला सगळीकडे ऐकू येईल. क्रोममध्ये सेटिंग्जच्या सिस्टीम भागात, फोटोशॉपमध्ये प्रेफरन्सेसच्या परफॉर्मन्समध्ये 'यूज ग्राफिक्स प्रोसेसर', लिबरऑफिसमध्ये ऑप्शन्सच्या व्ह्यू पानावर स्किया या नावाखाली. लोक ते बंद करतात, बिघाड जातो, आणि तसंच सोडून देतात. मग सहा महिन्यांनी 'मशीन स्लो झालंय' म्हणून येतात. बंद करणं ही चाचणी आहे. बंद केल्यावर दोष गेला तर बहुतेक वेळा ड्रायव्हरकडे बोट जातं. ड्रायव्हर सुधारा आणि ते परत चालू करा.

थ्रीडी प्रोग्रॅम 'ओपनजीएलची आवृत्ती कमी आहे' म्हणून अडत असेल (ओपनजीएल म्हणजे प्रोग्रॅमनं चिपला चित्र काढायला सांगायची ठरलेली भाषा) तर दोन शक्यता. लॅपटॉपमध्ये दोन चिप असतील आणि प्रोग्रॅम कमकुवत चिपवर चालत असेल, तर डिस्प्ले सेटिंग्जच्या तळाशी ग्राफिक्समध्ये जाऊन त्या प्रोग्रॅमपुढे 'हाय परफॉर्मन्स' निवडा. नाहीतर चिप खरंच जुनी आहे. ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्रॅमला 4.0 पासून विंडोज आणि लिनक्सवर ओपनजीएल 4.3 लागतं, त्याआधीच्या 3.6 ला 3.3 पुरतं. भाच्याच्या जुन्या लॅपटॉपवर आम्ही 3.6 टाकलं. पोरगं खूश आहे.

धूसर अक्षरांचं कारण बहुतेक वेळा स्केलिंग, म्हणजे सगळं मोठं करून दाखवणं, असतं. विंडोज 96 डीपीआय (इंचाला 96 ठिपके) म्हणजे 100 टक्के धरतं. नव्या लॅपटॉपवर 125 किंवा 150 टक्के असतं, आणि जुन्या प्रोग्रॅमला त्याचा पत्ताच नसतो. मग विंडोज त्याचं तयार चित्र ताणून मोठं करतं, आणि ताणलेलं चित्र धूसर दिसणारच. प्रोग्रॅमच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, 'चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज', तिथे सगळ्यात खाली ओव्हरराइडच्या चौकटीत खूण करून 'सिस्टीम (एन्हान्स्ड)' निवडा. नाही जमलं तर 'अ‍ॅप्लिकेशन' निवडून पाहा. त्यात अक्षरं धारदार होतात पण बटणं मुंगीएवढी. एक काहीतरी निवडावं लागतं.

केबल आणि टीव्ही

नवं ग्राफिक्स कार्ड घेतलं पण फरक काहीच नाही, असं कुणी म्हणालं की मी डेस्कटॉपच्या मागे वाकून बघते. केबल अजून मदरबोर्डच्याच पोर्टात असते, कार्ड बिचारं रिकामं बसलेलं. फोरके मॉनिटरवर माउस अडखळत चालतो? एचडीएमआय 1.4 फोरकेला सेकंदाला 30च चित्रं देऊ शकतं; 60 हवी तर 2.0, आणि तेही केबल, पोर्ट, मॉनिटर तिघांनाही जमायला हवं. टीव्हीला जोडल्यावर टास्कबार कापला जात असेल तर दोष कॉम्प्युटरचा नाही, टीव्हीच्या पिक्चर साइझमध्ये 'स्क्रीन फिट' किंवा 'जस्ट स्कॅन' शोधा.

मॅक आणि लिनक्स

बहिणीची मुलगी पुण्यात मॅकवर काम करते. तिला मी एवढंच सांगितलं: "तुला ड्रायव्हर शोधायचे नाहीत, ते सिस्टीमबरोबरच येतात, तू फक्त अपडेट लावत जा." स्क्रीनशॉट कमांड, शिफ्ट आणि 3 नं. सेफ मोडसाठी अ‍ॅपलच्या चिपचा मॅक बंद करून पॉवरचं बटण दाबून धरायचं, पर्याय आले की डिस्क निवडून शिफ्ट दाबून पुढे जायचं. इंटेलच्या मॅकवर सुरू होतानाच शिफ्ट दाबून धरायची. सेफ मोडमध्ये दोष गेला तर नंतर टाकलेल्या एखाद्या प्रोग्रॅमवर संशय घ्या. जुने थ्रीडी प्रोग्रॅम विचित्र वागत असतील तर लक्षात ठेवा, अ‍ॅपलनं 2018 च्या मोहावे या मॅकओएस आवृत्तीपासून ओपनजीएल कालबाह्य ठरवलं आहे. त्यांच्या स्वतःच्या मेटल या ग्राफिक्स यंत्रणेवर चालणारी नवी आवृत्ती आहे का ते पाहा.

लिनक्सवर सेटिंग्जच्या 'अबाउट' पानावर ग्राफिक्ससमोर 'एलएलव्हीएमपाइप' दिसलं तर चिप काम करतच नाही, सगळी चित्रं प्रोसेसर एकटा रंगवतोय. ड्रायव्हर घाला. इन्स्टॉल करतानाच स्क्रीन काळी पडत असेल तर ग्रबच्या, म्हणजे मशीन सुरू होताना येणाऱ्या, यादीत ई दाबून, 'लिनक्स' शब्दानं सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी नोमोडसेट जोडा, सगळी अक्षरं लहान आणि सलग. तो बदल त्या एका सुरुवातीपुरताच राहतो, म्हणून भिऊ नका.

फोन

फोनवर हिरवी उभी रेघ, आणि स्क्रीनशॉट स्वच्छ? पॅनेल गेलं. फॅक्टरी रीसेट करून फोटो गमावू नका.

शेजारच्या आजोबांच्या पैसे पाठवायच्या अ‍ॅपमधलं 'पुढे' बटणच दिसत नव्हतं. नातवानं दोनदा अ‍ॅप काढून घातलं. आजोबांनी वाचता यावं म्हणून फॉन्ट साइझ आणि डिस्प्ले साइझ दोन्ही शेवटपर्यंत ओढले होते आणि बटण स्क्रीनच्या खाली ढकललं गेलं होतं. डिस्प्ले साइझ एक घर मागे घेतली, फॉन्ट तसाच मोठा ठेवला. काळ्यावर काळी अक्षरं दिसत असतील तर डार्क मोड बंद करून पाहा.

मराठी अक्षरं मोडतात तेव्हा

'स्क्रीन बिघडली' म्हणून माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच खरं तर फॉन्टच्या असतात. कशी मोडली आहेत ते नीट पाहिलं तर उपाय तिथेच दिसतो.

नुसते चौकोन दिसले तर त्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. विंडोजवर निर्मला यूआय किंवा मंगल, मॅकवर कोहिनूर देवनागरी, बाकी ठिकाणी नोटो सॅन्स देवनागरी लावा. इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची भेळ दिसली तर मजकूर युनिकोडचा, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण अक्षरसंचाचा, नाही, जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप केलेला आहे. तोच फॉन्ट हवा, नाहीतर मजकूर कन्व्हर्टरमधून काढा आणि मग डोळ्यात तेल घालून प्रूफ वाचा, कारण रफार आणि जोडाक्षरं हमखास इकडेतिकडे होतात. नुसती प्रश्नचिन्हं दिसली तर वाईट बातमी: कुठेतरी सेव्ह करताना मजकूरच गेला आहे, फॉन्ट बदलून तो परत येत नाही. मूळ फाइल मागा.

आणि चौथी तऱ्हा, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर येते, जोडाक्षर फुटून पाय मोडलेला दिसतो. फॉन्ट बरोबर आहे, पण अक्षरं जुळवणारं इंजिन बंद आहे. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत प्रेफरन्सेसच्या टाइपमध्ये वर्ल्ड-रेडी टेक्स्ट इंजिन निवडा. त्याहून जुन्या आवृत्तीत तिथेच 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' असं लिहिलेलं असतं. आधी टाइप केलेल्या मजकुराला पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूतून ते वेगळं लावावं लागतं, आणि इथेच सगळे फसतात. इनडिझाइनमध्ये त्याच मेनूत 'वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' आहे.

'दुसऱ्या'चं दुखणं खास आपलं. 'ऱ्य'मधला अर्धा र काही फॉन्टना कळत नाही आणि 'दुसर्या' असा रफार चढतो. टाइप करताना नुक्ता असलेला ऱ, मग हलन्त, मग य असं घेतलं तर बहुतेक नव्या फॉन्टमध्ये तो नीट येतो.

नवं मशीन, नवा फॉन्ट, नवी आवृत्ती, काहीही आलं की मी पहिल्यांदा 'विद्यार्थ्यांच्या दुसऱ्या पिशवीत शक्तीची किल्ली' ही ओळ टाइप करते. तिची पीडीएफ करून भाच्याच्या लिनक्सवर, भाचीच्या मॅकवर आणि माझ्या फोनवर उघडून बघते. तिन्हीकडे ती सारखी दिसली की मगच पत्रिकेच्या कामाला हात घालते.