स्क्रोल सॉवर हात बसवायचा असेल तर जुने तुकडे टाकू नका

ठाण्यात फ्लॅटच्या बाल्कनीत स्क्रोल सॉ (बारीक ब्लेड वर-खाली होऊन लाकडात नक्षी कापणारं मशीन) चालवतोय बरीच वर्षं, आणि नवीन लोकांना एकच सांगतो, कापलेल्या प्रत्येक तुकड्याच्या मागे तारीख, ब्लेडचा नंबर आणि लाकडाची जाडी पेन्सिलने लिहून ठेवा, वर्षभराने काढून बघितलं की आपण कुठे सुधारलो ते लगेच कळतं. मला यातूनच कळलं की माझी सरळ रेघ कायम एकाच बाजूला सरकतेय. मशीन बिघडलंय असं वाटलेलं, पण तसं नसतं, बऱ्याच ब्लेडला बनवतानाच एका बाजूला जास्त धार राहते त्यामुळे लाकूड ३-४ अंश तिरकं धरूनच ढकलायचं, जोर अजिबात नाही लावायचा.

सोसायटीत कोणाचं फर्निचरचं काम चालू असेल तर सुताराकडे उरलेले ६ एमएम प्लायचे तुकडे मागा, सरावाला मस्त. फक्त प्लायमधल्या गोंदामुळे ब्लेड लवकर बोथट होतं, कडा जळायला लागली की लगेच बदला. आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात मशीनच्या लोखंडी टेबलवर मेण घासून ठेवा, गंजत नाही आणि लाकूडही छान सरकतं.