अक्षरं ऐकायला पूर्व भागात निघण्याआधी

रविवारी सोलापूरच्या पूर्व भागात लोकांच्या बोलण्याच्या रेकॉर्डिंगला निघायचं तर पिशवी भरण्याआधी कान तयार करा. भाषाविज्ञानातलं अक्षर म्हणजे कागदावरचं चिन्ह नव्हे. मराठीत त्याच्या मधोमध एक स्वर लागतोच, तो न्यूक्लियस. आधीचं व्यंजन ऑनसेट, नंतरचं कोडा. 'चादर' लिहिताना चिन्हं ३, बोलताना अक्षरं २: चा, दर. आता 'चादरी' म्हणून बघा. 'द'मधला 'अ' गळतो आणि चाद-री होतं. द कोडात गेला, र ऑनसेटला आला. पण आपल्याकडे 'चद्दर'ही म्हणतात, आणि तिच्या 'चद्दरी'त तो 'अ' गळत नाही. एक द आधीच कोडात बसलाय, दुसऱ्याला मागे जागाच नाही. पाणिनीचं 'संयोगे गुरु' इथे आठवा: पुढे जोडाक्षर आलं की ह्रस्व 'च'सुद्धा गुरू होतो. ही जोडी प्रत्येकाकडून घ्याच. माझ्या मते विचारायच्या शब्दांच्या सगळ्या यादीत हिच्याइतकं मोलाचं काही नाही.

शब्द लिहून मात्र नेऊ नका. मागच्या खेपेला मी चिठ्ठ्या नेल्या होत्या. एका आजींनी चष्मा लावला आणि शाळेत बाईंपुढे वाचावं तसं 'चा, द, र' असं सुटं सुटं वाचलं. ते रेकॉर्डिंग कामाचं उरलं नाही. त्यापेक्षा घडी केलेली चादरच पुढ्यात ठेवा आणि 'हे काय?' विचारा. मग वाक्यात म्हणायला सांगा. पुढचा शब्द व्यंजनानं सुरू होणारा हवा: 'चादर दे' चालेल, 'चादर आण' म्हटलं की र पुढच्या 'आ'ला चिकटतो.

वहीत तिथल्या तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्यांसाठी वेगळे रकाने आखा. आपली 'बस' एका अक्षराची. तेलुगूत आणि कन्नडमध्ये ती 'बस्सु', दोन अक्षरांची. कुणी 'स्कूल'ला 'इस्कूल' म्हणालं तर दुरुस्त करू नका. 'स्क' ऑनसेटमध्ये मावत नाही म्हणून 'इ' आणून स त्याचा कोडा केलाय, आपल्याला तेच तर हवंय.

फाइल वेव्हमध्ये घ्या, ४४.१ किलोहर्ट्झ. लॅपटॉपवर प्रात (Praat, आवाज तपासायचं सॉफ्टवेअर) आधीच टाकून ठेवा, ते मोफत मिळतं. माग चालू असलेल्या खोलीत बसू नका. पंखाही बंद लागेल, म्हणून सकाळी लवकर जा. माणसाची परवानगी रेकॉर्डर काढण्याआधी विचारा.