दिवेलागणीचं मौन कसं धरावं

हर्णैच्या बंदरावर मी २२ वर्षं मासळीचा लिलाव पुकारतोय. वाळूत टोपल्या, भोवती गिऱ्हाइकांचा गराडा, आणि वाऱ्याच्या वर आवाज चढवायचा. चार वर्षांपूर्वी गळा बसला, तो महिना झाला तरी सुटेना. स्वरतंतूंवर गाठी आल्यात, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि दहा दिवस तोंड बंद ठेवायला लावलं. कुजबुजायलासुद्धा बंदी, कारण कुजबुजतानाही ताण येतोच. दहा दिवस संपले, गळा सुटला. संध्याकाळचा एक तास मात्र मी तसाच ठेवला.

तुम्हाला धरायचं असेल तर घड्याळ लावून बसू नका. रोजच्या एखाद्या कामाला मौन बांधा. चातुर्मासात न बोलता जेवायचा नेम आपल्याकडे जुनाच आहे. माझी आजी पान वाढल्यापासून हात धुईपर्यंत चकार शब्द काढत नसे. माझं मौन बंदरावरून येऊन पाय धुतले की सुरू होतं आणि जेवण उरकलं की सुटतं. तुम्ही पहिला आठवडा नुसतं जेवण घ्या, वीसेक मिनिटं. तेवढीही जड जातात.

घरात आधी सांगून ठेवा, हे फार महत्त्वाचं. न सांगता गप्प बसलात तर घरचे त्याला अबोला समजतील, आणि खरं सांगायचं तर कधीकधी तो अबोलाच असतो. अबोल्यात माणूस समोरच्याला शिक्षा देत असतो, मनातून सारखा त्याच्याकडे बघत असतो. म्हणून भांडण झालं त्या दिवशी मी मौन धरत नाही. आधी बोलून मिटवतो.

मोबाईल फडताळात ठेवा. बोटांनी बोलणं हेही बोलणंच. पाटी-पेन्सिलही नको. गांधीजी सोमवारच्या मौनात चिठ्ठ्या लिहून कामं उरकत, पण त्यांच्यामागे केवढा व्याप होता. आपल्या तासाभराला चिठ्ठी लागत नाही. मान हलवली, हसलात, तर चालतं. पोर विहिरीच्या काठाशी गेलं तर खुशाल ओरडा. मौन मोडलं म्हणून हळहळू नका, पुन्हा गप्प व्हा. हाताला काम असू द्या. मी सोडे निवडतो, लसूण सोलतो.

पहिले आठ दिवस डोक्यात लिलाव चालूच राहतो. सुरमईच्या टोपलीला अमक्याने पडेल भाव बोलला, त्याला असं सुनवायला हवं होतं, तसं सुनवायला हवं होतं. गीतेच्या सतराव्या अध्यायात मौन वाणीच्या तपात न धरता मनाच्या तपात धरलंय, ते का, हे मला त्या दिवसांत उमगलं. अशा वेळी मनाशी झटू नका, कान बाहेर लावा. आमच्या पायरीवर समुद्राची गाज ऐकू येते. भरती रोज पन्नासेक मिनिटं उशिरा येते, त्यामुळे माझ्या त्याच तासाला आज लाटा जवळ असतात, आठवड्याने पार लांब गेलेल्या. तुमच्याकडे गाज नसेल, पंखा असेल, शेजारच्या कुकरची शिटी असेल. तेही चालेल.

आता मी हा तास का ठेवला, ते. त्या दहा दिवसांतली गोष्ट. आई वाढत होती. म्हणाली, "माजघरातला बल्ब..." आणि थांबली. एरवी मी लगेच "उद्या बदलतो गं" म्हणून मोकळा झालो असतो. महिनाभर तेच म्हणत होतो. त्या रात्री बोलता येत नव्हतं, म्हणून नुसता तिच्याकडे बघत राहिलो. तिने भाताचं भांडं खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "बल्ब ठीक आहे रे. मलाच उजव्या डोळ्याने दिसेनासं झालंय." मोतीबिंदू होता. महिन्याभरात ऑपरेशन झालं. आई अर्ध्यावर थांबते, असं मी वर्षानुवर्षं समजत होतो. ती दम खायची आणि तेवढ्यात मी तिचं वाक्य तोडायचो.

म्हणून एक गोष्ट जपा. तुमच्या मौनाच्या वेळी घरच्यांनी गप्प बसायची गरज नाही. त्यांना बोलू द्या, आणि बोलून झालं असं वाटलं तरी आणखी दोन श्वास थांबा.

वाढवायचं असेल तर सावकाश वाढवा. आमच्या कोकणातल्याच गागोद्यात जन्मलेले विनोबा २५ डिसेंबर १९७४ पासून वर्षभर मौनात होते, पण तो जन्मभराच्या साधनेचा पल्ला. मला अर्धा दिवस साधायला तीन वर्षं लागली, आणि तोही मासेमारी बंद असते तेव्हा, १ जून ते ३१ जुलै. पावसात बंदर ओस, होड्या शाकारलेल्या, पुकारायला काही नाही.

गेल्या पावसाळ्यात आईही पायरीवर येऊन बसायला लागली. मी लसूण सोलतो, ती बोलते.