कडेला चिकटू नका: पुण्यातल्या गर्दीत सायकल सांभाळून कशी चालवावी

पुण्यात सायकल बाहेर काढणाऱ्याला पहिला सल्ला मिळतो तो 'एकदम कडेने जा' असा. देणाऱ्याचा हेतू चांगला असतो, सल्ला मात्र घातक आहे. रस्त्याच्या डाव्या कडेला काय काय असतं ते बघा: खचलेली चेंबरची झाकणं, गटाराच्या जाळ्या, वाळू, फुटलेल्या काचा, उभ्या गाड्यांची उघडणारी दारं, राँग साइडने येणारे दुचाकीवाले आणि गिऱ्हाईक दिसलं की जागच्या जागी थांबणारी रिक्षा. शिवाय कडेला चिकटलेला सायकलवाला मागच्या चालकाच्या हिशेबातच नसतो. 'जागा आहे' असं समजून तो हँडलला घासून पुढे जातो, आणि तुम्हाला डावीकडे सरकायला वीतभरही जागा उरत नाही.

म्हणून पहिली सवय अंतराची. नुसता फुटपाथ असेल तर टायर त्याच्यापासून पाऊण मीटर लांब ठेवा. कडेला गाड्या उभ्या असतील तर गाडीच्या अंगापासून सव्वा मीटर. चालत्या सायकलवर टेप लावता येत नाही, तेव्हा अंदाज असा घ्या: डावा हात आडवा पसरला तर बोटं आणि उभ्या गाडीचा आरसा यांच्यात आणखी वीतभर जागा राहिली पाहिजे. मोटारीचं दार साधारण मीटरभर बाहेर येतं. ताशी २० किलोमीटर वेगात सायकल सेकंदाला साडेपाच मीटर जाते. दचकून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो आणि सायकल थांबेपर्यंत आणखी चार मीटर. म्हणजे समोर दहा मीटरच्या आत दार उघडलं तर ब्रेकच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही, अंतरच वाचवतं. रांगेतून जाताना मागच्या काचेतून चालकाच्या जागी डोकं दिसतंय का, ब्रेकचा लाल दिवा नुकताच विझला का, हे बघत चला. नुकत्याच थांबलेल्या रिक्षातून तर उजव्या बाजूनेही माणूस उतरतो.

दोन उभ्या गाड्यांच्या मध्ये मोकळी जागा दिसली की आत शिरायचं आणि पुढची गाडी आली की बाहेर यायचं, हे करू नका. आत गेलेला सायकलवाला मागच्याला दिसेनासा होतो आणि बाहेर येतो तो थेट त्याच्या बंपरसमोर. रेषा सरळ ठेवा.

लेनचा मधला भाग कधी घ्यायचा

साडेतीन मीटरच्या लेनचं गणित मांडून बघा. फुटपाथपासून टायर पाऊण मीटर, अर्ध्या हँडलचे ३० सेंटीमीटर, मध्ये सुरक्षित अंतर एक मीटर, आणि आरशांसकट मोटार दोन मीटर. बेरीज चार मीटरच्या वर जाते. म्हणजे त्या लेनमध्ये तुम्हाला ओलांडायला मोटारीला शेजारची लेन घ्यावीच लागते. तुम्ही कडेला दबून गेलात तर चालकाला वाटतं की बसेल, आणि तो घुसतो. अशा ठिकाणी लेनच्या मधोमध चला. चौकाच्या आधी, मेट्रोच्या किंवा ड्रेनेजच्या कामाच्या बॅरिकेडमुळे रस्ता अरुंद होतो तिथे, उभ्या बसला वळसा घालताना आणि पेठांमधल्या एकेरी बोळांत. मात्र मधोमध यायचं ते अरुंद जागेच्या वीस-तीस मीटर आधी, मागे बघून, हात दाखवून. तोंडाशी येऊन अचानक सरकलात तर अपघात तुम्हीच ओढवून घ्याल.

मागे हॉर्न वाजणारच. हॉर्न म्हणजे तुम्ही दिसलात, त्यामुळे तेवढ्यापुरतं तो वाजलेला बरा. वळून बोटं दाखवू नका, वेग वाढवून दमू नका. पुढे जागा मिळाली आणि मागे चार-पाच गाड्या साचल्या असतील तर कडेला होऊन जाऊ द्या.

हे सगळं ताशी ३०-४० किलोमीटरच्या वाहतुकीला लागू. नगर रस्ता, सोलापूर रस्ता किंवा कात्रज-देहूरोड बायपासवर मोकळ्या वेळी गाड्या साठ-सत्तरने जातात. तिथे लेनच्या मध्ये राहणं धाडस नाही, मूर्खपणा आहे. तिथे रस्ताच बदला.

मागे बघताना सायकल उजवीकडे झुकते, ही नवख्यांची नेहमीची अडचण. उजवा हात हँडलवर घट्ट धरल्यामुळे मानेबरोबर खांदा आणि खांद्याबरोबर हँडल वळतं. उजवं कोपर सैल सोडा, हनुवटी खांद्याला टेकवल्यासारखी वळवा, आणि समोरून सरळ जाणारी रंगाची पट्टी पकडून मोकळ्या रस्त्यावर सराव करा. हँडलच्या उजव्या टोकाला छोटा गोल आरसा बसवला तर निम्मं काम सोपं होतं. पण आरशात मागची गाडी लांब वाटते, म्हणून रेषा बदलण्याआधी एकदा मान वळवाच.

सायकल ट्रॅकचं काय

पुण्यात सायकल ट्रॅक नाहीत असं नाही. सातारा रस्त्यावर २००६ मध्ये बीआरटी (बससाठी वेगळी राखलेली मार्गिका) आली तेव्हा तिच्याबरोबर आले, २०१७ मध्ये महापालिकेने शहराचा सर्वंकष सायकल आराखडाही मंजूर केला. ट्रॅकवर मोटार वाहन चालवायला नियमाने मनाई आहे. प्रत्यक्षात त्यावर दुचाक्या धावतात, चारचाक्या उभ्या असतात, मध्येच डीपीचा खांब येतो, पेव्हर ब्लॉक उचकटलेले असतात आणि बसथांब्याशी ट्रॅक संपतो.

ट्रॅकचा खरा धोका मात्र त्याच्या टोकाला असतो. गाड्यांच्या रांगेआडून चाललेला सायकलवाला गल्लीच्या किंवा सोसायटीच्या तोंडाशी एकदम प्रकट होतो आणि वळणाऱ्या चालकाला तो आधी दिसलेलाच नसतो. निकष साधा ठेवा: पुढचे शंभर मीटर सलग मोकळे दिसत असतील तर ट्रॅक घ्या, प्रत्येक फाट्याशी वेग पायी धावण्याइतका करा. दर पन्नास मीटरवर बाहेर यावं लागत असेल तर पहिल्यापासून रस्त्यावरच रहा. वारंवार आत-बाहेर करणं हे दोन्हींहून वाईट.

चौक

सिग्नलला थांबताना पहिल्या गाडीच्या डाव्या चाकाशी उभं राहू नका. तिथे तुम्ही तिच्या आरशातही नसता आणि समोरही नसता. रांगेतल्या पहिल्या चालकाच्या थोडं पुढे, लेनच्या मध्ये, झेब्रा मोकळा सोडून उभे रहा. पुढे जायला जागा नसेल तर रांगेतच, एका गाडीच्या मागे. थांबायच्या आधीच गिअर हलका करून ठेवा. हिरवा लागल्यावर जड गिअरमध्ये डुलत निघणारा सायकलवाला पहिल्या पाच सेकंदांत सर्वांत जास्त धोक्यात असतो.

सरळ जायचं असेल आणि चौकात फ्री लेफ्ट असेल, तर डाव्या कडेने गेलेला सायकलवाला डावीकडे वळणाऱ्यांच्या पुढ्यात आडवा येतो. अशा चौकाच्या आधीच एक पट्टा उजवीकडे, सरळ जाणाऱ्यांच्या लेनमध्ये या. बस किंवा डंपर डावीकडे वळणार असेल तर तिच्या आणि फुटपाथच्या मधून कधीही पुढे जाऊ नका. लांब गाडी वळताना मागची चाकं पुढच्यांपेक्षा आतून जातात. सुरुवातीला दोन मीटर दिसणारी फट वळणावर शून्य होते. सिमेंट मिक्सरची केबिन उंच असते आणि डाव्या दाराखालचं चालकाला काही दिसत नाही. त्याच्या आरशात तुम्हाला त्याचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाही तुम्ही दिसत नाही असंच धरून चाला आणि मागे थांबा.

इंडिकेटरवर विश्वास ठेवू नका. स्कूटरचा मागच्या चौकापासून चालू राहिलेला असतो, रिक्षाचा लागतच नाही. बघायचं ते पुढचं चाक. गाडी वळण्याआधी तिचं चाक वळतं, आणि रिक्षावाला वळण्याआधी मान काढून डावीकडे गिऱ्हाईक बघतो.

उजवीकडे वळायला मोठ्या चौकात दोन टप्प्यांची पद्धत वापरा. डाव्या बाजूनेच सरळ चौक ओलांडा. पलीकडच्या डाव्या कोपऱ्यात, आडव्या रस्त्याच्या स्टॉप लाइनच्या पुढे पण झेब्रा अडणार नाही अशा जागी थांबा. सायकल उजवीकडे वळवून त्या रस्त्याच्या वाहतुकीच्या दिशेने तोंड करा आणि त्यांचा सिग्नल हिरवा झाला की निघा. मिनिटभर जास्त लागतं, पण तीन लेन कापत मध्ये जाण्याची वेळ येत नाही. कोपऱ्यात फ्री लेफ्टवाले घुसत असतील तर सरळ उतरा आणि झेब्रावरून सायकल ढकलत न्या. त्यात कमीपणा काही नाही.

समोरून राँग साइडचा आला तर शेवटच्या क्षणी हुलकावणी देऊ नका, दोघेही बहुधा एकाच बाजूला वळतात. आरशात बघा, मागे मोकळं असेल तर लांबूनच उजवीकडे व्हा. नसेल तर जागीच थांबा, एक पाय टेका. चालत्या सायकलपेक्षा थांबलेल्या सायकलला चुकवणं त्याला सोपं जातं.

पावसात

पहिल्या सरीला रस्त्यावरचं तेल आणि धूळ वर येते, तेव्हा अर्धा तास थांबता आलं तर थांबा. झेब्राचे पांढरे पट्टे, चेंबरची लोखंडी झाकणं आणि खोदकामावर टाकलेल्या प्लेटा ओल्या झाल्या की साबणासारख्या. त्यांच्यावर ब्रेकही नको आणि वळणही नको. आधी वेग कमी करा, सायकल सरळ ठेवून पार व्हा. काँक्रीट आणि डांबर यांच्या सांध्यात बोटभर खाच असते. तिला समांतर गेलात तर चाक अडकतं, म्हणून जमेल तितकं काटकोनात ओलांडा. साचलेल्या पाण्यात कडेने जाऊ नका, उघडी चेंबरं तिथेच असतात.

रिमवर दाबणारे ब्रेक ओले झाले की पकड फार घटते. उतारावर दर थोड्या वेळाने हलकेच दाबून रिम पुसून घ्या. पोंचोसारखा रेनकोट चेनमध्ये आणि चाकात जातो, जॅकेट-पँटच बरी. खडकवासल्यातून पाणी सोडलं की नदीपात्रातला रस्ता बंद होतो, तेव्हा त्या भरवशावर ऑफिसची वेळ गाठू नका.

रस्ता निवडताना गुगलने दाखवलेला सर्वांत छोटा मार्ग विसरा. फर्ग्युसन रस्त्याऐवजी भांडारकर रस्ता, कर्वे रस्त्याऐवजी प्रभात रस्ता आणि कॅनॉलकडेच्या गल्ल्या. किलोमीटरभर जास्त झालं तरी चालेल. रविवारी सकाळी नवा मार्ग बघून घ्या, पण निर्णय मंगळवारी संध्याकाळी सहाची गर्दी पाहून घ्या.

सायकल आणि अंगावरचं सामान

निघण्याआधी दोन्ही ब्रेक पूर्ण दाबा. लिव्हर आणि हँडल यांच्यात दोन बोटं जागा राहिली पाहिजे. लिव्हर हँडलला टेकत असेल तर तार सैल आहे. रबरावरच्या खाचा दिसेनाशा झाल्या की रबर बदला. भारतात बहुतेक सायकलींचा उजवा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो, पण सगळ्यांचा नसतो, तेव्हा नवी किंवा मागून आणलेली सायकल चाक उचलून तपासा. सायकल थांबवण्याचं जास्त काम पुढचा ब्रेक करतो. तो झटक्यात नाही, चढत्या जोराने दाबा आणि अंग मागे न्या.

टायर ३५ मिलिमीटरच्या आसपास जाड असू द्या. बारीक टायर आपल्या जाळ्यांत अडकतात. सत्तर किलोच्या माणसाला त्यात ५० ते ५५ पीएसआय हवा पुरते. हवा कमी असली तर खड्ड्याच्या काठावर ट्यूब रिममध्ये चिरडून शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. त्यावरून कारण ओळखू येतं: एकच भोक असेल तर खिळा किंवा काच शोधा, जोडीने असतील तर हवा वाढवा. पेट्रोल पंपावर भरताना थोडी थोडी भरा, मोटारीच्या मानाने ही ट्यूब क्षणात भरते. बारीक पितळी टोकाचा प्रेस्टा व्हॉल्व असेल तर पंपाची नोझल बसत नाही, छोटा अडॅप्टर खिशात ठेवा.

मागचा लाल दिवा सीटखाली लावा आणि बॅग किंवा कुर्ता त्याच्यावर येत नाही ना ते मागून कुणाला तरी बघायला सांगा. पुढे २०० ते ४०० ल्युमेनचा दिवा, किंचित खाली झुकवलेला. पैसे थोडेच असतील तर चमकदार जॅकेटआधी घोट्याला बांधायचे रिफ्लेक्टर पट्टे घ्या. वर-खाली होणारे पाय लांबून ओळखू येतात. कायद्याने हेल्मेटची सक्ती सायकलवाल्यावर नाही, तरी घाला. भुवयांच्या वर दोन बोटं, हनुवटीखाली पट्ट्यात एक-दोन बोटं जातील इतकं.

धडक बसलीच तर

आधी रस्त्यातून बाजूला व्हा. पोलिसांसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. गाडीचा नंबर, जागा आणि वेळ यांचा फोटो काढा, जमल्यास सायकल हलवण्याआधीचाही. बरं वाटत असलं तरी डॉक्टरांना दाखवा आणि रुग्णालयात अपघात म्हणून एमएलसी (मेडिको-लीगल केस) नोंद करून घ्या. मदत करणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे, त्याचा नंबर मागायला संकोचू नका. समोरच्या मोटारीचा थर्ड पार्टी विमा सायकलवाल्याच्या इजेलाही लागू होतो; दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात करायचा, त्यासाठी एफआयआर, एमएलसी आणि बिलं लागतात. गाडी पळून गेली आणि सापडली नाही तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेप्रमाणे गंभीर दुखापतीला ५० हजार आणि मृत्यूला दोन लाख रुपये भरपाई मिळते.

आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरू नका, आतला थर्माकोल दबला की बाहेरून कळत नाही. पण दावा मिटेपर्यंत ते फेकूही नका. सायकल पुन्हा चालवण्याआधी पुढचं चाक उचलून फिरवा, फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या) दोन्ही पायांमध्ये टायर सारखा मधोमध बसतोय का बघा, आणि वेल्डिंगच्या जागी रंगाला केसासारखी चीर असेल तर मेकॅनिकने 'चालतंय' म्हटलं तरी फोर्क बदलून घ्या.